पाणी कुठं मुरतंय? कमी खर्चात गेमिंग पीसी अपग्रेड करताना

माझं पहिलं अपग्रेड पार उलट्या क्रमाने झालं. गेम अडखळत होता, म्हणून फार विचार न करता ग्राफिक्स कार्ड घेऊन आलो. कॅबिनेट उघडलं तर कार्ड हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला अडत होतं. रिव्हेट तोडून तो पिंजरा काढला. मग लक्षात आलं की एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला) कार्डाची ८ पिनची वायरच नाही. एसएमपीएस बदलला. चार दिवसांनी एकदाचं सगळं सुरू झालं आणि मी रोज खेळायचो त्या गेममध्ये फ्रेम वाढल्या मोजून दोन-चार. दुखणं कार्डात नव्हतंच. रॅमची एकच स्टिक होती, तीही मूळ वेगापेक्षा हळू चालत होती, आणि प्रोसेसर बिचारा तिच्या तोंडाकडे बघत बसला होता.

त्यानंतर स्वतःचे आणि मित्रांचे मिळून बरेच पीसी उघडले. त्यातून जो क्रम हाती लागला तो इथे देतोय. तुम्ही कॅबिनेटचा स्क्रू कधी काढला नसेल असं धरूनच लिहिलंय.

## सुरुवातीला हाताशी काय हवं

- फिलिप्स स्क्रूड्रायव्हर (टोकाला चुंबक असला तर उत्तम) आणि मोजायला टेप
- थर्मल पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड
- दोन पेनड्राइव्ह: एक फॅट३२ फॉरमॅट केलेला, बायोससाठी (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर), दुसरा किमान ८ जीबीचा, विंडोज टाकायची वेळ आली तर
- सीपीयू-झेड, जीपीयू-झेड, एचडब्ल्यूइन्फो, एमएसआय आफ्टरबर्नर, क्रिस्टलडिस्कइन्फो. सगळी सॉफ्टवेअर फुकट आहेत
- आहेत त्या भागांची बिलं, वॉरंटी कार्डं आणि सिरीयल नंबरचे फोटो
- बिटलॉकरची (विंडोजच्या ड्राइव्ह-कुलुपाची) रिकव्हरी की

शेवटची गोष्ट बहुतेक जण वगळतात. विंडोजने तुमच्या नकळत ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेली असू शकते. बायोस अपडेट केला किंवा प्रोसेसर बदलला की टीपीएम (या कुलुपाची किल्ली सांभाळणारी चिप) रीसेट होऊ शकतो आणि मग पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ आकडी की मागितली जाते. ती नसेल तर डेटा गेला. की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आत्ताच काढून कागदावर लिहून ठेवा, त्याच पीसीवर सेव्ह करून उपयोग नाही.

## १. आहे त्याची कुंडली मांडा

सीपीयू-झेड उघडा. पहिल्या टॅबवर प्रोसेसर आणि सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा), मेनबोर्ड टॅबवर बोर्डाचं पूर्ण मॉडेल आणि बायोसची आवृत्ती, मेमरी टॅबवर रॅमचा प्रकार आणि सिंगल की ड्युअल चॅनल (रॅम एका वाटेने चालते की दोन), एसपीडी टॅबवर कोणत्या स्लॉटमध्ये काय बसलंय हे दिसतं. हे सगळं वहीत उतरवा. बोर्डाचं मॉडेल लिहिताना शेपटीचं अक्षरसुद्धा सोडू नका, नावात एका अक्षराचा फरक म्हणजे वेगळा बोर्ड.

मग पीसी बंद करून झाकण काढा. एसएमपीएसवरच्या लेबलचा फोटो घ्या. कार्ड बसतं त्या जागेची लांबी मोजा, मागच्या पट्टीपासून समोरच्या पंख्यापर्यंत. प्रोसेसरवरच्या कूलरसाठी उंची किती मिळते तेही मोजा.

तुमचा पीसी मोठ्या ब्रँडचा तयार ऑफिस मशीन असेल तर इथेच थोडं थांबा. अशा मशीनमध्ये बऱ्याचदा एसएमपीएसचा आकार वेगळा, बोर्डावरचं पॉवर कनेक्टर वेगळं आणि कॅबिनेट बारीक असतं. तिथे नेहमीचा एसएमपीएस बसत नाही. सडपातळ कॅबिनेट असेल तर लो-प्रोफाइल (कमी उंचीची) आणि वेगळी वायर न लागणारी कार्डं एवढाच पर्याय उरतो. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल ७० वॅटचं आहे, ते स्लॉटमधूनच वीज घेतं. जीटीएक्स १६५० ची काही मॉडेलंही तशीच आहेत.

## २. पाणी कुठं मुरतंय ते शोधा

एमएसआय आफ्टरबर्नर लावून स्क्रीनवर चार गोष्टी दिसू द्या: एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम), कार्डाचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा) वापर आणि दोघांचं तापमान. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेम लिमिट बंद करा. मग नेहमीचा गेम, नेहमीचा नकाशा, तीच जागा, असं दहा मिनिटं खेळा आणि आकडे लिहून ठेवा. हा कागद फेकू नका, शेवटी लागणार आहे.

कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्डच कमी पडतंय. तो ५०–७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि तरी फ्रेम कमी असतील, तर कार्ड रिकामं बसलंय आणि प्रोसेसर किंवा रॅम त्याला काम पुरवू शकत नाहीये.

इथे टास्क मॅनेजरचा एक चकवा आहे. तो प्रोसेसरचा वापर ३० टक्के दाखवतो आणि आपण म्हणतो, प्रोसेसर तर निवांत आहे. १२ थ्रेडच्या प्रोसेसरचा एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण वापरात तो जेमतेम ८ टक्के दिसतो. गेमचं मुख्य काम त्या एका-दोन थ्रेडवरच अडलेलं असतं. म्हणून थ्रेड सुटे बघायचे.

खात्री करायची सोपी युक्ती अशी: रिझोल्यूशन १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर आणा. एफपीएसने उडी मारली तर अडचण कार्डाची. जागचा हलला नाही तर अडचण प्रोसेसर-रॅमची, आणि नवं कार्ड आणूनही तो आकडा हलणार नाही. माझ्या वेळी ही दोन मिनिटांची चाचणी कुणी सांगितली असती तर तो पिंजरा अजून जागेवर असता.

एफपीएस चांगला असूनही मधेच झटके बसत असतील तर रॅम भरलीये का, कार्डाची मेमरी भरलीये का आणि गेम अजून हार्ड डिस्कवर आहे का, ते बघा. आणि प्रोसेसर ९५–१०० अंशांवर जाऊन आपला वेग खाली आणत असेल तर तुम्हाला अपग्रेड नको, ब्रश आणि थर्मल पेस्ट हवी.

बॉटलनेकची (कोणता भाग किती अडवतोय त्याची) टक्केवारी काढून देणाऱ्या वेबसाइट्सकडे जाऊ नका. तीच जोडी एका गेममध्ये कार्डावर अडते, दुसऱ्यात प्रोसेसरवर. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारखे स्पर्धात्मक गेम कमी सेटिंग्जवर प्रोसेसरला पिळतात, मोठे देखणे गेम कार्डाला. एकच टक्केवारी या दोन्हींना कशी लागू पडेल?

## ३. आधी फुकटातलं करून बघा

मॉनिटरची वायर कार्डाला जोडलीये ना? हसू नका. बोर्डाच्या एचडीएमआयमध्ये वायर खुपसून महिनोन्महिने खेळणारे मी पाहिलेत. तसंच १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर विंडोजमध्ये ६० वरच राहिलेला असतो. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जाऊन तो आपणच बदलायचा असतो.

दुसरं, रॅमचा वेग. पाकिटावर ३२०० लिहिलेली डीडीआर४ रॅम बोर्डात बसवली की बऱ्याचदा २१३३ किंवा २४०० वर चालते. बायोसमध्ये एक्सएमपी (पाकिटावरचा वेग लावणारी सेटिंग) चालू केल्याशिवाय ती पूर्ण वेगाने धावत नाही. काही बोर्ड त्यालाच डीओसीपी म्हणतात, एएमडीच्या डीडीआर५ बोर्डांवर एक्स्पो असतं. सीपीयू-झेडमध्ये अर्धा आकडा दिसतो, म्हणजे १६०० दिसला तर ३२०० समजायचं. १०६६ दिसला तर तुमची रॅम झोपलीये.

चार स्लॉटच्या बोर्डात दोन स्टिक असतील तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. शेजारी-शेजारी बसवल्या तर बहुतेक बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनलवर जातात. शंका आली तर बोर्डाचं मॅन्युअल उघडा, त्यात चित्र असतं.

एवढं झालं की धूळ काढा, जुनी पेस्ट पुसून नवी लावा, आणि पुन्हा तेच दहा मिनिटं खेळून बघा. काही जणांचा शोध इथेच संपतो.

## ४. कशासाठी करायचंय ते ठरवा

मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर १५० एफपीएस काढणाऱ्या कार्डाचा मोठा भाग वाया जातो. १०८० पी मॉनिटरवर १४४० पीचं कार्डही तसंच, नाकापेक्षा मोती जड. तुम्ही खेळता ते तीन-चार गेम, मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट एका ओळीत लिहा. पुढे प्रत्येक भाग निवडताना ही ओळ समोर ठेवायची.

## ५. ग्राफिक्स कार्ड: नाव एक, आत माल दुसरा

कमी बजेटच्या कार्डांत सगळ्यात जास्त फसगत नावांमुळे होते. काही नमुने सांगतो.

जीटीएक्स १०६० चं ३ जीबी आणि ६ जीबी हे एकच कार्ड नाही. ३ जीबीवाल्यात मेमरी अर्धी आहेच, शिवाय कोअरही (हिशेब करणारे भाग) १२८० ऐवजी ११५२ आहेत. जीटी १०३० दोन प्रकारात आलं: जीडीडीआर५ वाल्याची मेमरी सेकंदाला ४८ जीबी वाहून नेते, डीडीआर४ वाल्याची १६.८ जीबी. खोक्यावर नाव तेच. आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी मॉडेलची बस (मेमरीकडे जाणारी वाट) १९२ बिटची, नंतर आलेल्या ८ जीबी मॉडेलची १२८ बिटची. आरएक्स ५८० मध्ये '२०४८ एसपी' लिहिलेलं असेल तर ते मुळात आरएक्स ५७० आहे, खऱ्या ५८० मध्ये २३०४ कोअर असतात. त्यामुळे जाहिरातीतलं नाव वाचून थांबू नका. मेमरी किती, कोणत्या प्रकारची, बस किती बिटची आणि कोअर किती हे चार आकडे मागा.

मेमरी ८ जीबीपेक्षा कमी असेल तर नवीन मोठ्या गेमसाठी ते कार्ड घेऊ नका. ती भरली की गेम टेक्स्चर (पृष्ठभागांची चित्रं) साध्या रॅममध्ये ठेवायला लागतो आणि प्रत्येक वेळी ते पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या) वाटेने ओढून आणावे लागतात. तिथून झटके सुरू होतात. फक्त स्पर्धात्मक गेम खेळणाऱ्याला ४–६ जीबीतही भागवता येतं.

आता लेन, म्हणजे त्या वाटेच्या मार्गिका. जुना बोर्ड असलेल्यांनी हे नीट वाचा. आरएक्स ६५०० एक्सटीला फक्त ४ लेन आहेत. पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या बोर्डात ते चालून जातं, पण ३.० च्या बोर्डात वाट निम्म्याने अरुंद होते, आणि ४ जीबी मेमरी लवकर भरणाऱ्या कार्डाला नेमकी तीच वाट सारखी लागते. आगीतून फुफाट्यात. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० ला ८ लेन आहेत, त्यामुळे ३.० वर त्यांचं नुकसान फारसं जाणवत नाही.

इंटेलच्या आर्क कार्डांबद्दल सारखं विचारलं जातं. बी५८० ला १२ जीबी मेमरी आहे, कार्ड चांगलं आहे, पण त्याला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी बायोसमधली सोय) लागतोच. बोर्ड-प्रोसेसर तो देत नसतील तर कामगिरी कोसळते. आणि सोय असली तरी जुन्या, मंद प्रोसेसरबरोबर हे कार्ड त्याच तोडीच्या इतर कार्डांपेक्षा जास्त मागे पडतं. चांगला नवा प्रोसेसर असेल तरच आर्ककडे वळा.

ड्रायव्हरचं आयुष्यही मोजा. एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवलं, आता त्यांना फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतात, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. शिवाय रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढण्याचं) हार्डवेअर नसेल तर सुरूच न होणारे गेम आता येऊ लागलेत. ते हार्डवेअर एनव्हिडियात आरटीएक्स २००० पासून आणि एएमडीत आरएक्स ६००० पासून मिळतं. जीटीएक्स १०८० टीआय अजून दमदार आहे हे खरं, पण आज ते नव्याने विकत घ्यायला मी सांगणार नाही.

मला विचाराल तर १०८० पीसाठी शोध आरएक्स ६६०० किंवा १२ जीबीच्या आरटीएक्स ३०६० पासून सुरू करा आणि बजेट पाहून वर सरका.

## ६. प्रोसेसर: सॉकेट जुळलं म्हणजे लग्न जमलं असं नाही

पहिला प्रश्न: बोर्ड न बदलता याच सॉकेटमध्ये वरचा प्रोसेसर बसतो का? बसत असेल तर तुम्ही नशीबवान, कारण बोर्ड बदलला की बऱ्याचदा रॅमही बदलावी लागते.

एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्यांची इथे चंगळ आहे. २०१७ मध्ये पहिल्या रायझनसाठी बोर्ड घेतलेला माणूसही, बोर्डाच्या कंपनीने बायोस दिला असेल तर, त्यावर ५००० मालिका चालवू शकतो. रायझन ५ १६०० किंवा २६०० वरून रायझन ५ ५६०० वर गेलात तर नव्या पीसीसारखं वाटतं. त्याच्या वर रायझन ७ ५७००एक्स३डी आणि ५८००एक्स३डी आहेत. त्यांची ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) गेममध्ये फार कामाला येते, पण दोघांबरोबर कूलर येत नाही, तो वेगळा धरा.

सापळा: रायझन ५ ५५०० हा ५६०० चा धाकटा भाऊ वाटतो. कोअर सहाच, सॉकेट तेच. पण एल३ कॅश ३२ ऐवजी १६ एमबी आणि पीसीआय एक्सप्रेस ३.० पुरतंच. तो आणि वर सांगितलेलं ४ लेनचं कार्ड एकत्र घेतलंत तर दोन्हीकडून मार.

इंटेलकडे सॉकेटचा आकडा फसवतो. सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीचं सॉकेट एकच, एलजीए ११५१. तरी सातव्या पिढीच्या बोर्डात आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही, त्याला ३०० मालिकेचाच बोर्ड लागतो. एलजीए १२०० म्हणजे दहावी-अकरावी पिढी, एलजीए १७०० म्हणजे बारावी ते चौदावी. १७०० चे काही बोर्ड डीडीआर४ घेतात, काही डीडीआर५, दोन्ही एकत्र नाही. जुनी डीडीआर४ रॅम वाचवायची असेल तर बारावीचा आय५ आणि डीडीआर४ बोर्ड ही जोडी पुष्कळ चांगली. तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरचे प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे खराब होण्याचं प्रकरण झालं होतं आणि इंटेलने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोडचा (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा) अपडेट दिला. त्या पिढीचा आय७ किंवा आय९ वापरलेला घेत असाल तर वॉरंटी शिल्लक असलेलाच घ्या आणि आल्या आल्या बायोस अपडेट करा.

नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नाही. रायझन ५००० मध्ये 'जी' नसेल तर तिथेही नाही. कार्ड बिघडलं की पडदा काळा, एवढं लक्षात ठेवून घ्या.

प्रोसेसर मागवण्याआधी तीन कामं: बोर्डाच्या कंपनीच्या पानावर त्या मॉडेलची सीपीयू सपोर्ट यादी बघा, लागणारी बायोस आवृत्ती लिहून घ्या, आणि जुना प्रोसेसर बोर्डात असतानाच बायोस अपडेट करा. जुना काढून विकून टाकला आणि नवा बायोसअभावी बोर्डाला ओळखू येत नाही, अशी त्रिशंकू अवस्था मी एका मित्राची पाहिलीये. एका संध्याकाळसाठी प्रोसेसर उसना मागायला तो चार घरं फिरला.

विंडोजचाही विचार इथेच करा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे टीपीएम २.० आणि साधारण इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० पासून पुढे चालतं. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना सॉफ्टवेअर तपासणारी बायोसची सेटिंग) दोन्ही चालू लागतात.

## ७. रॅम

१६ जीबी, दोन स्टिक, हे किमान. ३२ असेल तर मागे ब्राउझर उघडा ठेवून खेळता येतं. ८ जीबीच्या एका स्टिकला तशीच दुसरी जोडणं हा गरिबाचा सगळ्यात चांगला अपग्रेड. फक्त नवी स्टिक शक्य तितकी जुन्यासारखी घ्या: तोच वेग, तेच टायमिंग, तेच व्होल्टेज. वेगळी घेतलीत तर दोन्ही हळू असलेल्या स्टिकच्या वेगाने चालतात, कधी कधी एक्सएमपी लावल्यावर पीसी सुरूच होत नाही.

डीडीआर३, ४ आणि ५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळ्या ठिकाणी असते. जोर लावावा लागतोय म्हणजे काहीतरी चुकतंय. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. तेव्हापासून मी जुनी डीडीआर४ रॅम कुणाला फुकट वाटायला सांगत नाही.

## ८. एसएमपीएस: इथे कंजूषपणा नको

बजेट संपत आलं की सगळे हात इथेच आखडतात. खराब एसएमपीएस मरताना एकटा मरत नाही, जाताना बोर्ड आणि कार्ड सोबत नेतो.

लेबलवर मोठ्या अक्षरात लिहिलेले वॅट वाचू नका. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा आणि १२ ने गुणा. कार्ड आणि प्रोसेसर जवळजवळ सगळी वीज तिथूनच घेतात. ३८ अँपिअर म्हणजे ४५६ वॅट, तर ५०० वॅटचं नाव लावलेला हा एसएमपीएस प्रामाणिक आहे. त्याच ५०० च्या लेबलखाली १२ व्होल्टला २० अँपिअर असतील तर खरे फक्त २४० वॅट. अशा डब्यांना हातही लावू नका.

८० प्लसचा शिक्का कार्यक्षमतेचा असतो, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती कामाला येते त्याचा. व्होल्टेज किती स्थिर आहे, संरक्षणं चालतात का, हे तो सांगत नाही. ब्रॉन्झ शिक्क्याचे चांगलेही असतात आणि वाईटही. त्या नेमक्या मॉडेलची उघडून केलेली परीक्षणं वाचा आणि वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघा. कंपनीचा स्वतःच्या मालावर किती भरवसा आहे ते तिथे कळतं.

किती वॅट हवेत? आरटीएक्स ४०६० स्वतः ११५ वॅट घेतं, तरी एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, कारण बाकीचा पीसीही आहे आणि कार्डं क्षणभर मोठे झटके मारतात. बजेट पीसीला चांगल्या प्रतीचा ५५० ते ६५० वॅटचा पुरतो.

वायरींचं गणित असं: स्लॉट ७५ वॅट देतो, ६ पिन ७५, ८ पिन १५०. साटा (ड्राइव्हला वीज देणाऱ्या) वायरीला ८ पिनचा जोड लावून कार्ड चालवू नका. साटाच्या कनेक्टरमधून १२ व्होल्टला ५४ वॅटच नेता येतात, त्यातून १५० ओढले तर प्लास्टिक वितळतं. प्रोसेसरचं ८ पिन (४+४) आणि कार्डाचं ८ पिन (६+२) सारखं दिसतं, पण एक दुसऱ्याच्या जागी घालायचं नाही. आणि मॉड्युलर (वायरी सुट्या होणारा) एसएमपीएस बदलताना जुन्या वायरी तशाच ठेवून नवा डबा लावू नका. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते. वायर बसते, आणि ड्राइव्ह जळतात.

## ९. एसएसडी आणि कॅबिनेट

एसएसडीने एफपीएस वाढत नाही. लोडिंग कमी होतं आणि नव्या जागेत शिरताना बसणारे झटके जातात. अजून हार्ड डिस्कवर खेळत असाल तर साटा एसएसडीही पुरेशी. ती सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास देते, एनव्हीएमई (साटाऐवजी पीसीआय एक्सप्रेसने जोडलेली) जेन ३ सुमारे ३५०० देते, पण गेममध्ये या दोघांतला फरक आकड्याएवढा जाणवत नाही. एम.२ हा फक्त आकार आहे. तो स्लॉट साटा, एनव्हीएमई की दोन्ही घेतो हे मॅन्युअलमध्ये पाहा. काही बोर्डांवर एम.२ भरला की एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात, तेही तिथेच लिहिलेलं असतं.

कॅबिनेट घ्यायचंच असेल तर समोर जाळी असलेलं घ्या. रंगीत दिवे नंतर.

## १०. वापरलेले भाग घेताना

वर सांगितलेले तेराव्या-चौदाव्या पिढीचे आय७-आय९ सोडले तर प्रोसेसर बिनधास्त घ्या, तो सहसा मरत नाही. एएम४ चा असेल तर खालच्या पिना तिरक्या करून उजेडात बघा. इंटेलच्या पिना बोर्डात असतात, तिथे सॉकेटचा फोटो मागा. रॅमही ठीक. एसएसडी घेताना क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये किती तास चालली आणि आयुष्य किती टक्के उरलं ते पाहा. एसएमपीएस वापरलेला कधीच नाही.

कार्ड चालू पीसीवर समोर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जीपीयू-झेड उघडून कोअर आणि मेमरी जुळवा. बायोस बदलून जुन्या कार्डाला नव्याचं नाव दिलेले नग फिरत असतात. मग फरमार्क किंवा ओसीसीटी पंधरा-वीस मिनिटं चालवा: तापमान, पंख्यांचा आवाज, पडद्यावर ठिपके-पट्टे. सगळ्या डिस्प्ले पोर्टना वायर लावून बघा. विकणारा 'आत्ता पीसी नाही, घरी लावून बघा' म्हणाला तर नमस्कार करून निघा.

सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांवर होणारं इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद झालं तेव्हा ढिगाने कार्डं विकायला निघाली, ती अजून हातोहात फिरतायत. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं मी म्हणत नाही. पंखे आणि थर्मल पॅड बदलून ती चालतात. पण वॉरंटी नसेल तर बाकीच्यांपेक्षा बरंच स्वस्त मिळायला हवं.

## ११. जोडताना

जुन्या कार्डाचे ड्रायव्हर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने सेफ मोडमध्ये काढा. बोर्ड बदलणार असाल तर विंडोजचं लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवा, नाहीतर नव्या बोर्डावर ते ओळखलं जात नाही.

वीज बंद करून मुख्य वायर काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. वायरी काढण्याआधी फोटो काढा, विशेषतः समोरच्या बटणाच्या बारीक पिनांचा.

एएम४ चा कूलर सरळ वर ओढू नका. वाळलेली पेस्ट प्रोसेसरला सॉकेटमधून उपटून काढते आणि पिना वाकतात. आधी पीसी थोडा वेळ चालवून गरम करा, मग बंद करून कूलर हळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. नव्या कूलरच्या बुडाला चिकटलेला पारदर्शक कागद काढायला विसरू नका. हे मी केलंय, आणि ९८ अंश पाहून प्रोसेसरच बिघडला म्हणून रात्रभर झोपलो नव्हतो.

बटण दाबल्यावर काळा पडदा आला तर घाबरू नका. डीडीआर५ चे बोर्ड पहिल्यांदा रॅम ओळखायला काही मिनिटं घेतात, तेवढा वेळ द्या. तरी काही नाही, तर क्रमाने: मॉनिटरची वायर कार्डात आहे का, प्रोसेसरची ८ पिन लावलीये का, कार्डाची वायर टक असा आवाज येईपर्यंत बसलीये का, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये एकच स्टिक, मग बोर्डाची बॅटरी पाच मिनिटं काढून पुन्हा घालणं. बहुतेक वेळा रॅमची स्टिक अर्धवट बसलेली असते.

सुरू झालं की एक्सएमपी लावा, मेमटेस्ट८६ एकदा पूर्ण चालवा, आणि पायरी २ चा कागद काढून तोच गेम, तोच नकाशा, तीच दहा मिनिटं खेळा. हे सगळं वस्तू परत करायची मुदत संपण्याआधी उरका, आणि तोवर खोकी, आतला फोम आणि बिलं माळ्यावर टाकू नका.